एकशे वीस माणसांचा कर्नल

बेल्पर,
रविवार, ३ सप्टेंबर २००६

नाइजेल,

माझं अक्षर पाकिटावर बघून तू आधी पत्राचा शेवट वाचणार, कुणी गेलं का म्हणून. कुणी गेलेलं नाही. बाबा समोरच्या खोलीत आहेत, डावा हात उशीवर ठेवून बसलेत, आणि टेबलावरच्या पोर्तुगीज पलटणीवर खेकसताहेत. शिशाचे शिपाई उलट बोलत नाहीत, त्यामुळे त्यांचं आपसांत बरं चाललंय.

फोन केला नाही, कारण फोनवर तू ‘बघतो’ म्हणतोस. तोच शब्द कागदावर लिहायला तुलाही थोडी लाज वाटेल, असा माझा हिशोब आहे.

काम असं, की २५ तारखेपासून तीन आठवडे तू इथे येऊन राहावंस. मला बाहेर जायचंय. कुठे, ते महत्त्वाचं नाही. फेब्रुवारीतल्या अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांना एकटं सोडता येत नाही, रात्री तर नाहीच. सकाळी उठवायचं, दाढी करायची, पॉरिज भरवायचं. बटणं तेवढी आपण लावायची नाहीत, ती ते स्वतः लावतात, कितीही वेळ लागो. बाथरूमला न्यावं लागतं. त्याची लाज पहिल्या दोन दिवसांत संपते, त्यांचीही आणि आपलीही.

अडचण तुला ठाऊक आहे. काल तुझं नाव काढलं तर म्हणाले, तो माणूस या घरात आला तर मी चर्चच्या हॉलमध्ये जाऊन झोपेन. चालता येत नाही त्यांना, पण धमकीत जोर होता. नऊ वर्षं झाली, अजून तू ‘तो माणूस’च आहेस. मी निदान ‘ए’ आहे.

येतोस का, एवढंच कळव.

हिलरी


मंगळवार, १२ सप्टेंबर

नाइजेल,

तुझं उत्तर मिळालं. तीन आठवडे पगारी नर्स ठेवू म्हणतोस. छान कल्पना आहे. जूनमध्ये मलाही सुचली होती. एजन्सीची मुलगी आली, गोड होती बिचारी. पहिल्याच सकाळी खोलीतले शिपाई बघून म्हणाली, “चला कॅप्टनसाहेब, अंघोळ करू या.” बाबांनी विचारलं, कॅप्टन कुठल्या कंपनीचा? किती माणसं आहेत माझ्याकडे? ती हसली. त्यांनी पुन्हा विचारलं. दुपारच्या जेवणापर्यंत ती गेली होती. दुसरी दोन दिवस टिकली, कारण तिला ऐकू कमी यायचं.

तू विचारलं आहेस की मी सुट्टीवर चालले आहे का. नाही. ऑपरेशन आहे. डर्बीच्या हॉस्पिटलात. बायकांना होतं ते, डाव्या बाजूला. डॉक्टरीणबाई फार नीट समजावून सांगत होत्या आणि मी त्यांच्या टेबलावरच्या कुंडीकडे बघत होते, तिला पाणी हवं होतं. घरी येताना बेकरीतून मांस भरलेला पोर्क पाय घेतला, बाबांना आवडतो म्हणून. रडूबिडू आलं नाही. अजूनही आलेलं नाही. मला काहीच वाटत नाही आणि हे शौर्य नव्हे, हे तुला आधीच सांगून ठेवते. बाबांना मी ‘विश्रांतीला जाणार’ असं सांगितलंय. तेच कायम ठेवायचं.

आता तू म्हणशील, मग अशा वेळी त्यांनी मागचं सोडून द्यायला नको का? तुझी बाजू मला तोंडपाठ आहे. त्यांची बाजू तू ऐकलीच नाहीस, कारण त्या गुरुवारी तू इथे नव्हतास. मी होते, चहा करायला.

नऊ वर्षांपूर्वी तुझा लढाईचा खेळ दुकानात आला त्या आठवड्यात बाबांचा मित्र टॅन्सली, तो खेळ लावायला आपल्या भाच्याचा कॉम्प्युटर गाडीत घालून शिशाच्या लढायांच्या क्लबात घेऊन आला. क्लबाचे यच्चयावत म्हातारे चर्चच्या हॉलमध्ये जमले होते. तिथे लढाई सुरू होण्याआधी दोन तास पलटणींत माणसं किती यावर वाद घालतात आणि मग अर्धा तास लढतात, हे तुला मी काय सांगू. बाबांनी त्या दिवशी टाय लावला होता. मुलाचा खेळ! ज्या मुलाला या खोलीत गुडघ्यावर बसवून शिकवलं, की शिशाचा एक शिपाई म्हणजे तेहेतीस माणसं, आणि एक शिपाई टेबलावरून उचलला की तेहेतीस घरांत पत्र जातं.

पडद्यावर तुझा कर्नल आला. सोनेरी झुपके खांद्यावर, घोडा पांढरा. खाली लिहिलेलं, ‘बटालियन’. आणि त्याच्या मागे शिपाई. टॅन्सलीने पडद्याला बोट लावून ते मोजले. एकशे वीस.

तुला ठाऊक आहे आणि मलाही ठाऊक आहे, इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकून. बटालियन कागदावर हजाराची. ताप, जुलाब, गोळ्या आणि पळालेले वजा करून रणात पाच-सहाशे उरतात. एकशे वीस म्हणजे जेमतेम एक कंपनी, आणि तिच्यावर कॅप्टन असतो. कर्नल नव्हे.

सगळे चहा ढवळत राहिले. ते लोक सभ्य आहेत. मग पडद्यावर नावं सरकायला लागली आणि त्यात बाबांचं आलं: लष्करी तपशिलाच्या अचूकतेबद्दल आभार, डब्ल्यू. अॅस्कम. टॅन्सली उभा राहिला, टाचा जुळवल्या आणि म्हणाला, “एकशे वीस माणसांच्या कर्नलसाहेबांना माझा सलाम.”

सगळे हसले. बाबाही हसले, आणि तेच मला बघवलं नाही. ते सबंध वर्षभर क्लबात गेले नाहीत. आजही टॅन्सली दारातून येताना सलाम करतो. त्याच्या डोक्यात ती मस्करी आहे, तो प्रेमाने करतो. दर वेळी बाबांची मान ताठ होते.

मी त्यांना विचारलं, काय केलं तर नाइजेल येऊन राहिलेला चालेल? दोन दिवस विचार करून त्यांनी अटी सांगितल्या. खेळाची नवी आवृत्ती नोव्हेंबरात निघतेय हे टॅन्सलीने त्यांना सांगितलंय. एक तर तिच्यात माणसं बरोबर कर, नाही तर माझं नाव काढ.

यातलं काहीतरी जमव. एवढंच मागते आहे.

हिलरी


रविवार, २४ सप्टेंबर

नाइजेल,

तू चार पानं लिहिलीस याबद्दल आभार. माझ्या ऑपरेशनबद्दल त्यात दोन ओळी आहेत. बाकी सगळं कॉम्प्युटरबद्दल. तक्रार करत नाही, मलाही त्या विषयावर दोनच ओळी सुचतात.

मी तुझं म्हणणं बाबांना वाचून दाखवलं. एका पलटणीत हजार माणसं काढली तर वीस पलटणींना वीस हजार होतात, तेवढी माणसं हलवायला गेलं की यंत्र अडखळतं आणि लोक खेळ बंद करून उठून जातात. बाबा डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं झोपले. मग म्हणाले, “वीस हजार माणसं हलवताना वेलिंग्टनही अडखळायचा. त्याचे लोक उठून गेले नाहीत.”

पण पुढे जे बोलले ते शहाणपणाचं होतं, म्हणून कागदावरही लिहिते. म्हणाले, माणसं वाढवता येत नसतील तर हुद्दा उतरव. एकशे वीस ठेव, खाली ‘कंपनी’ लिही आणि कर्नलचा कॅप्टन कर. सोनेरी झुपका एकाच खांद्यावर. दोन शब्द आणि एक झुपका बदलायचा, बाकी खेळ जसाच्या तसा. आजारी माणसाने एवढं पुढे यावं ही मोठी गोष्ट आहे, नाइजेल. मी त्यांना दुसरा चहा दिला.

हे मी मंगळवारी तुझ्या फोनच्या मशीनवर सांगून ठेवलं आणि तू मान्य करशील म्हणून तीन दिवस वाट बघितली. शुक्रवारी तुझा निरोप माझ्या मशीनवर होता: जे लोक पैसे मोजतात त्यांना कर्नल व्हायचं असतं, कॅप्टन व्हायला कुणी खेळ विकत घेत नाही, वरचे लोक ऐकणार नाहीत. मी तो निरोप पुसून टाकला आणि हॉस्पिटलला फोन लावला. उद्याची तारीख होती ना. ती पुढे ढकलली आहे, १६ ऑक्टोबर. फोनवरच्या बाईने कारण विचारलं. मी म्हटलं, घरी पलटणींच्या माणसांवरून वाद आहे. ती म्हणाली, घरगुती कारण असं लिहिते.

तिने असंही सांगितलं की आता पुन्हा पुढे ढकलू नका. आवाज चांगला होता तिचा.

परवा त्यांची दाढी करताना मी सहज विचारलं, तुमच्या त्या हजारात बायका कुठे असतात? नेपोलियनशी लढायला पोर्तुगालला जाताना बायका बरोबर जायच्या ना? त्यांना बरं वाटलं, मी कधी विचारत नाही. सांगू लागले: शंभर माणसांमागे सहा बायका. जहाजावर चढायच्या आधी चिठ्ठ्या टाकायच्या, जिच्या नावाची निघेल ती जाणार, बाकीच्या धक्क्यावर रडत राहणार. जाणारीला अर्धा शिधा. तिने धुणं धुवायचं, जखमी सांभाळायचे. मी विचारलं, मग त्या टेबलावर का नाहीत? “त्या लढत नाहीत, हिलरी,” म्हणाले. “मोजणीत धरत नाहीत.” मी साबण पुसला. त्यांना कुठे कापलं नाही.

तुझ्या वरच्या लोकांना पुन्हा एकदा विचार.

हिलरी


गुरुवार, ५ ऑक्टोबर

नाइजेल,

तू रागावला आहेस, ठीक आहे. राग आला म्हणजे निदान काहीतरी आलं. मला हल्ली टोस्ट करपल्याचा वासही उशिरा येतो.

तू लिहितोस की सबंध प्रकरण वेडेपणाचं आहे, बहिणीच्या छातीत गाठ आहे आणि बाप खांद्यावरचे झुपके मोजतोय. बरोबर आहे. पण तूही तेच मोजतो आहेस, फक्त दुसऱ्या बाजूने. तू मनात आणलंस तर आज गाडीत बसून येशील. दाराशी उभा राहिलास तर ते काय करणार आहेत, उठून ढकलणार? तू येत नाहीस कारण तुला त्यांनी आधी ‘ये’ म्हणायला हवं आहे. आणि ते म्हणत नाहीत कारण तू आधी ‘चुकलं’ म्हणायला हवं आहे. मधल्या मध्ये मी तुमची टपालवाली.

एक ओळ मात्र तू चांगली लिहिली होतीस, ती मी त्यांना न विचारता वाचून दाखवली. “मी त्यांचं नाव घातलं कारण मला जे येतं ते सगळं त्यांच्याकडून आलं.” दोनदा वाचली. 

“म्हणूनच,” बाबा म्हणाले.

मी विचारलं, म्हणूनच काय?

“त्याला येत नसतं तर मला काही वाटलं नसतं. त्याला येत होतं. त्याला आकडा ठाऊक होता आणि त्याने दुसरा लिहिला. तो लिहायचा होता तर स्वतःच्या नावावर लिहायचा.”

मग त्यांनी घोडदळाकडे तोंड फिरवलं. आता तुला वाटेल हा हट्ट आहे. मलाही वाटतं. पण त्यांचा आवाज फुटला होता, आणि झटक्याने आवाज फुटतो तसा तो नव्हता, तो फरक मला आता कळतो.

टॅन्सली आज क्लबात जायच्या आधी डोकावून गेला. मी त्याला स्वयंपाकघरात नेलं आणि माझं सगळं सांगितलं. कुणाला तरी सांगायचंच होतं. त्याने टोपी काढून हातात धरली. म्हणाला, तीन-चार दिवस मी येऊन झोपेन, त्यापुढे माझ्या गुडघ्यांच्याने होणार नाही. मग बाबांच्या खोलीत गेला. सलाम न करता गेला. बाबांनी लगेच विचारलं, काय झालंय?

काही नाही म्हणाला. त्याला खोटं बोलता येत नाही.

सोळाला तू इथे नसलास तर चार दिवस टॅन्सली आणि नंतर रिप्लीचा वृद्धाश्रम, कौन्सिलने खाट धरून ठेवली आहे. तिथे टेबल नेता येत नाही. मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. कसं सांगायचं याचा विचारही करत नाही, भांडी घासते.

हिलरी


शनिवार, १४ ऑक्टोबर

नाइजेल,

दुपारच्या आत टपालात टाकलं तर हे तुला सोमवारी मिळेल. तोवर मशीनवरचा निरोप तू ऐकलाच असशील. नसशील तर आधी ऐक, मग हे वाच.

सकाळी पॉरिज झाल्यावर मी खुर्ची ओढून बसले आणि सांगितलं. विश्रांती नाही, ऑपरेशन. कॅन्सर. आधी एक तारीख गेली, ती का गेली तेही सांगितलं. रिप्लीचंही. सगळं एकदम सांगून टाकलं, वाणसामान सांगावं तसं.  शेवटी बाबा म्हणाले, “तारीख माझ्यामुळे गेली?” मी म्हटलं, दोघांमुळे. खोटं कशाला बोलू.

त्यांनी उजव्या हाताने चादर सारखी केली. मग म्हणाले, फोन आण.

मी नंबर फिरवून दिला. तुझं मशीन लागलं. तुझा आवाज ऐकून ते दचकले, नऊ वर्षांनी ऐकला. मशीन आहे, बोला, असं मी खुणेने सांगितलं. ते खुर्चीत होते तितके ताठ झाले.

“विल्फ्रेड अॅस्कम बोलतोय,” म्हणाले. तू आपला मुलगा आहेस हे विसरून, क्लबात फोन करावा तसं. “नाइजेल. हिलरीला कॅन्सर आहे. सोमवारी सकाळी ती डर्बीला दाखल होते आहे, वॉर्ड सात. मंगळवारी ऑपरेशन. ती एकटी जाते आहे. तू ये.” मग थांबले. मला वाटलं संपलं. मी रिसीव्हर घ्यायला हात पुढे केला तर त्यांनी तो घट्ट धरला. “एकशे वीस तर एकशे वीस. कर्नल तर कर्नल. माझं नाव राहू दे तिथे. पण ये.”

एवढं बोलून त्यांनी रिसीव्हर मांडीवर ठेवला. तुझ्या मशीनवर पुढे बराच वेळ नुसता श्वास ऐकू येईल, तो त्यांचा आहे. मी उभी होते. मला काहीतरी वाटायला हवं होतं. मी घड्याळाला चावी दिली.

नंतर त्यांनी मला जवळ बोलावलं आणि विचारलं, दुखतं का? तेव्हा मात्र मला स्वयंपाकघरात जावं लागलं. फेब्रुवारीपासून, खरं तर आई गेल्यापासून, मला या घरात कुणी ते विचारलेलं नाही. ओट्याला धरून मी रडले, चांगली मोठ्याने. त्यांनी ऐकलं असणार. 

तू येशील असं मी धरून चालते आहे. टॅन्सली सोमवारी सकाळपासून इथे असेल, तो तुला गोळ्यांच्या वेळा दाखवेल. बटणं त्यांची त्यांना लावू दे. आणि मंगळवारी संध्याकाळी हॉस्पिटलात आलास तर वॉर्ड सातमध्ये जाऊ नकोस. तो आकडा चुकला आहे. मी आहे सतरामध्ये, त्यांना मी दोनदा सांगितलं होतं. फोन ठेवल्यावर दुरुस्त करणार होते, पण त्यांचं तोंड बघितलं आणि राहू दिलं.

तूही त्यांना सांगू नकोस.

हिलरी